जावई पाट सोडेनात

मनात आणलं तर मी दिवसभर तोंडातून चकार शब्द काढणार नाही, असं राजसनं बायकोला ठणकावून सांगितलं. आणि ते सांगायला त्याला कसबा पेठेपासून वारज्यापर्यंतचा जवळजवळ सगळा रस्ता लागला.

"अगं, गप्प बसणं ही काय मोठी गोष्ट आहे? इच्छाशक्ती लागते फक्त! आता मौनाचंच बघ. मौनाचे मुळात प्रकार किती..."

"राजस."

"काय?"

"हेच. आज हेच करायचं नाहीये."

राजनंदिनी गाडी चालवत होती, म्हणून तिनं हात जोडले नाहीत. एरवी जोडले असते.

राजस माणूस लाखात एक. व्यसन नाही, राग नाही, पगार वेळेवर. फक्त, सर्दी झालेल्याला जशी शिंक दाबता येत नाही, तशी राजसला कळलेली गोष्ट पोटात ठेवता येत नसे. पुढ्यात वडा आला की तो बटाटा भारतात कसा आला ते सांगे, आणि सांगून होईपर्यंत वडा थंड होई. मित्र हसून घेत. ऑफिसातले लोक कानात इयरफोन घालून घेत. पण सासरे या दोन्हींतलं काही करणारे नव्हते.

राजनंदिनीचे वडील आप्पासाहेब हे वारज्याचे जुने बागायतदार. आता मळ्याच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले असले, तरी मधला तुकडा त्यांनी अजून सोडलेला नव्हता. लग्न ठरायच्या सुमारास त्यांनी हौसेनं राजसला तो मळा दाखवायला नेलं होतं. तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचं आणि जिथे तो आपोआप उभा राहील तिथे विहीर घ्यायची, ही विद्या आप्पासाहेबांच्या हातात होती. पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी त्यांनी दाखवलेल्या जागेवर लागल्या होत्या. राजसनं ते सगळं ऐकलं, त्यांच्याच विहिरीचं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला आणि तोंड पुसत म्हणाला, "छान आहे पाणी. पण नारळाला तसा शास्त्रीय आधार काही नाही हं!"

 आप्पासाहेबांनी त्याच्या हातातला रिकामा तांब्या घेतला आणि घराकडे चालू लागले. तेव्हापासून ते राजसशी बोललेलेच नव्हते. लेकीच्या हट्टापायी लग्न थाटात करून दिलं, वऱ्हाडाला काही कमी पडू दिलं नाही, पण जावई समोर बसलेला असताना ते बायकोला सांगत, "त्यास्नी च्या पायजे का इचारा." आणि चारचौघांत ओळख करून द्यायची वेळ आली, की राजसकडे हनुवटी करून म्हणत, "हे नंदीच्या हापिसातले."

लग्नाला वर्ष उलटून गेलं तरी! हापिसातले!

पहिल्यांदा राजनंदिनीला याचं हसू यायचं. मग यायचं थांबलं. भावकीतल्या एका बारशाला वडिलांनी भर मांडवात तशी ओळख करून दिली, तेव्हा ती घरी येऊन बाथरूमचा नळ मोठा सोडून रडली. बाहेर राजसला सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी त्यानं पाण्याच्या नासाडीबद्दल एक अक्षर काढलं नाही. एवढं त्यालाही कळत होतं.

आणि आता लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला होता. अधिकात जावयाला घरी बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, म्हणजे पुरण भरलेले धोंडे, तबकात अनारसे आणि वर दिवा, ही रीत आप्पासाहेबांनाही मोडता येणार नव्हती. सासूबाईंचा, विजयमालाबाईंचा फोन आला तेव्हाच राजनंदिनीनं ठरवलं होतं, की आज काय वाटेल ते होवो, वडिलांच्या तोंडून एकदा 'आमचे जावई' हे दोन शब्द निघालेच पाहिजेत.

"एकही माहिती द्यायची नाही," ती सिग्नलला थांबल्यावर म्हणाली. "नारळाबद्दल नाही, पुरणाबद्दल नाही, अधिक महिन्याच्या गणिताबद्दल तर मुळीच नाही."

"कोणी विचारलं तर?"

"तरी नाही. हसायचं आणि मान हलवायची. माझी शपथ."

शपथ म्हटल्यावर राजस गंभीर झाला. "घेतली. पण त्याआधी ते चिचुंद्रीचं तेवढं संपवू का? अर्धं राहिलंय."

सकाळी त्याच्या आईला सिंकखाली चिचुंद्री दिसली होती. तेवढ्यावरून त्यानं आंघोळीला जायच्या आधी मोबाइलवर चिचुंद्र्यांबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं, आणि ते तेव्हापासून त्याच्या पोटात डचमळत होतं.

"संपव," राजनंदिनी म्हणाली. सिग्नल मोठा होता.

"चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, हे तर सांगितलंच. अमेरिकेत एक आखूड शेपटीची जात आहे. बोटभर प्राणी, पण तिची लाळ विषारी! नागासारखे पोकळ दात नसतात तिला. चावली की खालच्या दातांच्या मधल्या खाचेतून लाळ जखमेत झिरपते. आणि गंमत म्हणजे सावज मरत नाही. गांडूळ असो, किडा असो, नुसतं लुळं पडतं. मग ही ते ओढत बिळात नेते आणि जिवंत साठवून ठेवते. कारण तिला भूक फार. जरा वेळ पोटात काही गेलं नाही तर जीव जातो. म्हणून ताजा फराळ कायम हाताशी!"

"शी! आणि आपल्याकडची?"

"आपल्याकडच्या चिचुंद्रीत असं विष सापडलेलं नाही," राजस म्हणाला, आणि मग त्याच्या स्वभावाप्रमाणे त्यानं पुढचं वाक्य जोडलं. "अर्थात, सापडलं नाही म्हणजे नसेलच, असं थोडंच आहे?"

सिग्नल सुटला. राजसनं ओठांवर बोट ठेवलं आणि मौन सुरू झालं.

आप्पासाहेबांच्या बंगल्यात बारा माणसांचं जेवणाचं टेबल होतं, पण धोंड्याचं जेवण टेबलावर कोण घालतं? मागच्या लांबलचक खोलीत, जिथे एका भिंतीला धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या उभ्या होत्या, तिथे पाट मांडले होते. भावकीतले दहा-पंधरा जण आधीच येऊन टेकले होते. राजसला भिंतीलगतच्या रांगोळी काढलेल्या पाटावर बसवलं. विजयमालाबाईंनी पाणी घातलं आणि आप्पासाहेबांनी परातीत त्याचे पाय धुतले. रीत म्हणजे रीत! त्यांनी पाय स्वच्छ धुतले, टॉवेलनं टिपले, हळदीकुंकू लावलं. फक्त मान वर केली नाही. सगळा सोहळा त्यांनी राजसच्या वतीनं आलेल्या दोन पायांचा केला.

"आता पाट सोडायचा न्हाई हं, जावईबापू," विजयमालाबाई म्हणाल्या. "आत्याबाई येऊन ओवाळतील, मग पंगत."

आत्याबाई म्हणजे आप्पासाहेबांच्या थोरल्या बहीण, बायडाबाई. त्या खडकीहून यायच्या होत्या आणि पुलावर अडकल्या होत्या. राजस पाटावर मांडी घालून बसून राहिला. घरी तो खुर्चीवर बसून जेवायचा, ऑफिसात खुर्चीवर बसून काम करायचा. एवढा वेळ मांडी घालून तो मुंजीनंतर बसलेला नव्हता. उजवा पाय खाली, डावा वर, आणि उजव्या पायाची करंगळी पाटाबाहेर भिंतीकडे निघालेली.

भावकीतल्या एकानं अधिक महिना तीन वर्षांनीच का येतो, असं कुणालातरी विचारलं. राजसच्या घशात उत्तर येऊन उभं राहिलं. त्यानं हसून मान हलवली. दुसरा म्हणाला, नारळ फोडताना शेंडी पूर्वेला पाहिजे. राजसनं पुन्हा मान हलवली. समोर बसलेल्या आप्पासाहेबांनी हे पाहिलं आणि त्यांच्या भुवया जराशा वर गेल्या.

"दाजी आज एकदम सायलेंट मोडवर?" राजनंदिनीचा धाकटा भाऊ रणजित बहिणीच्या कानात म्हणाला.

"ते असेच आहेत मुळात. शांत." राजनंदिनीनं माहेरी आल्यावर नवऱ्याला अहो-जाहो करायचं ठरवलं होतं, आणि आज तर खोटंही बोलायचं ठरवलं होतं.

नेमक्या त्याच वेळी कोठ्यांच्या मागून 'चिक् चिक्' असा आवाज आला. पाठोपाठ तो वास. भिंतीच्या कडेकडेनं, नाक पुढे करून, राखी रंगाचं एक लांबट प्रकरण सरळ राजसच्या दिशेनं येत होतं. चिचुंद्री भिंत सोडत नाही, हे राजसनं सकाळीच वाचलं होतं. तिच्या वाटेत आता त्याची करंगळी होती. त्यानं ती आत ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण पाय मांडीखाली असा चेपला होता की करंगळी नुसतीच वळवळली. गांडुळासारखी.

चिचुंद्रीनं तिला तोंड लावलं, कच्चकन चावली आणि दुसऱ्या कोठीमागे निघून गेली.

राजसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण ओरडायचं कसं? ओरडलं की "काय झालं?" येणार. "चिचुंद्री" म्हटलं की पुढचं सगळं घसरत बाहेर येणार. शपथ घातलेली बायको समोर उभी आणि आप्पासाहेबांच्या भुवया नुकत्याच कुठे वर गेलेल्या! राजसनं दात आवळले, हसला आणि मान हलवली.

तेवढ्यात बायडाबाई आल्या, ओवाळणं झालं, पंगत बसली. धोंडे आले, त्यावर तुपाची धार आली, आमरस आला, कुरडया आल्या. राजसनं पहिला घास घेतला आणि त्याच्या लक्षात आलं, की उजवी करंगळी आता दुखत नाहीये.

दुखत नाहीये? त्यानं ती हलवून पाहिली. हलली की नाही ते कळेना. दुसऱ्या घासाला पाऊल गेलं. तिसऱ्या धोंड्याला घोट्यापर्यंत काही जाणवेना. चौथा धोंडा गिळताना त्यानं हळूच गुडघ्याखाली चिमटा काढला. जणू शेजारच्या काकांच्या पायाला काढला!

सावज मरत नाही, राजसला आठवलं. नुसतं लुळं पडतं.

आता दुसरा कोणी असता तर किंचाळला असता. राजस माहितीचा माणूस. विषारी दंश झाला की पहिली गोष्ट कोणती? हलायचं नाही. हललं की विष अंगभर फिरतं. तेव्हा तो पुतळ्यासारखा ताठ बसला आणि फक्त उजवा हात पानापासून तोंडापर्यंत, तोही सावकाश, असा चालू ठेवला. जगातला पहिला माणूस, त्याच्या मनात आलं, ज्याच्यावर आपल्याकडच्या चिचुंद्रीचं विष सिद्ध होतंय! आणि हे कुणाला सांगता येत नाही! खरं सांगायचं तर मरणापेक्षा त्याला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

"जावई जेवायला किती संथ!" भावकीतल्या काकू कौतुकानं म्हणाल्या. "नायतर आमचे. हादडतात नुसते."

"वळण लागतं त्याला," विजयमालाबाई म्हणाल्या.

आणि मग वर्षभरात घडलं नव्हतं ते घडलं. आप्पासाहेब राजसच्या पानाकडे पाहत, कुणाचंच नाव न घेता म्हणाले, "आजून येक धोंडा चालंल."

राजनंदिनी तुपाचं भांडं घेऊन जागच्या जागी उभी राहिली. वाक्य थेट नव्हतं, पण वाटेला लागलं होतं. राजसनं पाचवा धोंडा संपवला. आता तो कमरेपर्यंत गेला होता, असा त्याचा हिशेब होता.

पंगत संपली. आता हात धुवायला उठायचं. पण धोंड्याच्या पंगतीत जावयाच्या आधी उठायचं कुणी? सगळे राजसकडे बघत बसले. राजस समोरच्या भिंतीकडे बघत बसला. कुणीतरी खाकरलं. कुणीतरी "झालं का?" म्हणालं. बोटांवरचा आमरस वाळायला लागला.

"उठा आता, जावईबापू," विजयमालाबाई म्हणाल्या.

राजस हसला आणि मान हलवली. पण आडवी.

खोलीत कुजबुज सुरू झाली आणि बायडाबाईंचा चेहरा उजळला.

"अगं, रुसलं!" त्यांनी टाळी वाजवली. "जावई रुसलं! मला वाटलंच व्हतं, येवढं गप गप कसं! अगं माले, पयला धोंडा हाय. मान नगं का त्याचा? आमच्या मालकांनी तर सायकल दारात आल्याबिगर पाट सोडला न्हवता!"

"अहो आत्या, यांना काही नकोय!" राजनंदिनी लगबगीनं म्हणाली. "हे तसले नाहीत." भावकीत तिनं लग्नाआधीपासून छाती ठोकून सांगितलेलं होतं, की माझा नवरा सुतळीचा तोडासुद्धा मागणार नाही.

"तसले कुनीच नसत्यात गं, पाटावर बसस्तवर."

विजयमालाबाई आत गेल्या आणि अंगठीची डबी घेऊन आल्या. राजस डबीकडे बघून घाबरला. "नको, नको," तो पुटपुटला. विषानं जीभ जड झाली असावी, अशा समजुतीनं तो कमीत कमी शब्द वापरत होता.

"अंगठी नगं म्हनत्यात," बायडाबाईंनी भावकीला समजावून सांगितलं. भावकीनं मान डोलावली. अंगठी कमीच होती.

रणजितचा चेहरा उतरला. पाडव्याला घेतलेली नवी बुलेट दारात उभी होती आणि सगळे हळूहळू त्याच्याकडे बघायला लागले होते. "दाजी," तो म्हणाला, "बुलेट आहे ना... म्हणजे तसं अजून रनिंगसुद्धा पूर्ण झालं नाहीये... पण घ्या तुम्ही. सीरियसली."

"नको!"

"बुलेट बी नगं!" बायडाबाईंना आता जावयाबद्दल आदर वाटायला लागला होता.

आप्पासाहेब उठले. त्यांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला होता, किंबहुना त्याहून वाईट. नारळाचा अपमान केला तो केला, आता हा पेठेतला माणूस भर पंगतीत अडवून बसला होता! तरी घरच्या अब्रूचा प्रश्न होता. ते बायकोला म्हणाले, "त्यास्नी इचारा, नेमकं काय पायजे."

राजसच्या कपाळावर घाम आला होता. चौघेजण उचलून त्याला उठवतील, ही त्याची खरी भीती होती. तो कळवळून म्हणाला, "मला काही नको. फक्त मला इथून हलवू नका. मला इथेच राहू द्या."

पंगतीतल्या माना एकमेकांकडे वळल्या.

"घरजावई!" बायडाबाई हळूच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

आप्पासाहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. तिन्ही बाजूंना टॉवर, मध्ये शेवटचा मळा. बिल्डर येऊन गेले, दलाल येऊन गेले, कुणालाही जो तुकडा मागायची हिंमत झाली नाही, तो आता हापिसातल्या माणसानं पाच धोंडे खाऊन मागितला होता, असं त्यांना वाटलं. 

राजनंदिनी तुपाचं भांडं खाली ठेवून राजसच्या पुढ्यात येऊन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सुरीसारखा होता. "अहो, काय चाललंय हे?"

"सांगता येत नाही."

"का?"

"माहिती आहे ती."

"म्हणजे?"

"द्यायची नाही ना? तुझी शपथ."

राजनंदिनीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मांडी, घाम, ताठलेली पाठ. वर्षभर ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाचा हा चेहरा हावरा नव्हता. हा चेहरा घाबरलेला होता. तिचा राग एकदम गळाला.

"सोडली शपथ," ती म्हणाली. "बोल, राजस."

आणि धरणाचं दार उघडावं तसा राजस सुटला!

"मला चिचुंद्री चावली आहे! आत्याबाई यायच्या आधी. उजव्या करंगळीला. चिचुंद्री हा उंदीर नव्हे. तिच्या काही जातींची लाळ विषारी असते. ती खालच्या दातांतून जखमेत झिरपते, सावज मरत नाही, लुळं पडतं, आणि माझा पाय गेलेला आहे. कमरेपर्यंत! आपल्याकडच्या चिचुंद्रीत विष सापडलेलं नव्हतं, ते आज सापडलं. हललो तर विष चढेल म्हणून मी उठत नाहीये. अंगठी नको, बुलेट नको, घरजावईही व्हायचं नाही. मला फक्त अँब्युलन्स हवी आहे, आणि ती येईपर्यंत कुणी मला धक्का लावू नका. ती सावज मारत नाही, बिळात नेऊन जिवंत साठवून ठेवते..."

पंगत खिळून ऐकत होती. शेवटच्या वाक्याला सगळ्यांच्या नजरा धान्याच्या कोठ्यांकडे वळल्या.

"येवढ्या थोराड जावयाला वढत न्हेनार व्हय ती?" बायडाबाईंनी विचारलं. शंका रास्त होती. 

आप्पासाहेब पंगतीतून चालत आले. राजसच्या समोर उकिडवे बसले. त्यांनी दोन्ही हातांनी त्याची मांडी सोडवली, उजवा पाय धरला आणि अडलेल्या बैलाचा धरावा तसा सरळ ओढला. मग पोटरीवर एक सणसणीत चापट दिली.

पायात हजार मुंग्या एकदम धावल्या. राजस असा ओरडला, की कोठीमागची चिचुंद्रीसुद्धा 'चिक्' करून गप्प झाली.

"पाय झोपलाय," आप्पासाहेब म्हणाले.

 मग पंगतीच्या टोकाला एक काका फुसकन हसले, आणि पाठोपाठ सगळी खोली हसायला लागली. रणजित तर बुलेट वाचल्याच्या आनंदात जमिनीवर लोळायचाच बाकी होता. राजसला वाटलं, खरंच विष असतं तर बरं झालं असतं. मौन गेलं, मान गेला आणि राजनंदिनीच्या दोन शब्दांचं वाटोळं झालं. त्यानं तिच्याकडे पाहायचं धाडस केलं नाही.

आप्पासाहेब मात्र हसत नव्हते. ते करंगळीवरच्या दोन बारीक लाल टिंबांकडे बघत होते. चिचुंद्री खरंच चावली होती, एवढं तर दिसतच होतं.

"ही चावली कवा?" त्यांनी विचारलं. बायकोला नव्हे, रणजितला नव्हे. राजसला!

"आत्याबाई यायच्या आधी."

"आन् तवापासून मरनार म्हनून बसला व्हता?"

"हो."

"वरडला का न्हाई?"

राजसला खोटं बोलता येत नसे. माहिती चुकलेली त्याला खपत नसे, मग ती स्वतःबद्दलची का असेना. "राजनंदिनीनं सांगितलं होतं, आज काही बोलायचं नाही. तिला वाटत होतं, मी काही बोललो नाही तर तुम्ही माझ्याशी बोलाल."

हसणं थांबलं. आप्पासाहेबांनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. ती तुपाच्या भांड्याकडे बघत होती.  राजसचा पाय अजून त्यांच्या हातात होता आणि ते तो नकळत चोळत होते.

"मानूस येडा हाय," ते शेवटी म्हणाले, आणि मग घसा साफ करून, "पर बरा हाय."

बायडाबाईंनी तेवढ्यात कुंकवाचा करंडा आणला होता. चिचुंद्री म्हणजे लक्ष्मी आणि लक्ष्मीनं जावयाचा पाय धरला, असा त्यांनी निकाल दिला, आणि बायकांनी पाळीपाळीनं करंगळीला कुंकू वाहिलं. राजसनं साबणानं पाय धुवायची परवानगी मागितली, ती कुंकू वाहून झाल्यावर मिळाली. मग रणजितनं त्याला बुलेटवर बसवून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विषाबद्दल काही विचारायच्या आत पुढच्या पेशंटला बोलावलं.

अधिक महिना सरला आणि वारज्यात साखरपुड्यांचा धडाका लागला. त्यांतल्या एकाला आप्पासाहेबांनी लेक-जावयाला स्वतः फोन करून बोलावलं. मांडवात पाऊल टाकताच त्यांनी राजसच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला थेट पुढच्या सोफ्यावर बसलेल्या फेटेवाल्या मंडळींसमोर नेऊन उभं केलं.

"हे," आप्पासाहेब मोठ्यानं म्हणाले, "आमचे जावई!"

मागून येणाऱ्या राजनंदिनीनं ते ऐकलं. तिनं नवऱ्याचा शर्ट पाठीमागून घट्ट पकडला. राजसचा ऊर भरून आला. दोन शब्द! भर मांडवात!

"चिचुंद्री चावली ना," आप्पासाहेबांनी पुढे सांगितलं, "ते."

"हां, हां, ते व्हय!" सगळी मंडळी उठून उभी राहिली. वारज्यात असा एकही माणूस उरला नव्हता ज्याला हे ठाऊक नव्हतं. एका म्हाताऱ्यानं चष्मा लावून वाकून राजसच्या पायांकडे पाहिलं. "कंच्या पायाला चावली म्हनायची?"

"डाव्या," आप्पासाहेब अभिमानानं म्हणाले.

राजसच्या घशापर्यंत काहीतरी आलं. राजनंदिनीची शर्टावरची मूठ आणखी आवळली गेली. राजसनं आवंढा गिळला, चप्पल काढली आणि डावा पाय पुढे केला.